मागचे दार वापरा, सही मात्र देऊ नका

प्रिय मुलीस सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कार्यालयाच्या मागच्या दाराशी रॅम्प झाला आहे, काम समाधानकारक झाल्याचे पत्र गटाच्या वतीने तू द्यावेस असा निरोप आला आहे आणि गटातले निम्मे लोक 'मिळते आहे ते पदरात पाडून घ्या' म्हणत आहेत, इथपर्यंत मला नवे काही वाटले नाही. पण ज्याच्यासाठी तू हे काम हाती घेतलेस तो चाकाची खुर्ची वापरणारा तुझा धाकटा भाऊच म्हणतो आहे की, 'ताई, मला आत जाता येते आहे ना, मग करून टाक सही.' हे वाचल्यावर मी पत्र बाजूला ठेवले आणि दोन दिवस उत्तर लिहू शकले नाही.

तुझ्या भावाला आत जाण्याची घाई आहे आणि ती रास्त आहे. तरीही सही देऊ नकोस. अर्धी वाट ही वाट नव्हे.

तू पाठवलेली मापे पाहा. तीन पायऱ्या मिळून पंचेचाळीस सेंटिमीटर उंची होते. रॅम्पसाठी जगभर रूढ झालेले १:१२ हे प्रमाण, म्हणजे एक भाग उंचीला बारा भाग लांबी, धरले, तर एवढ्या उंचीला जवळजवळ साडेपाच मीटर लांबीचा उतार हवा. तिथे तो पावणेतीन मीटरचा आहे, म्हणजे चढ जवळजवळ दुप्पट झाला. तुझा भाऊ त्यावरून वर गेला, कारण तू मागून ढकलत होतीस. तू नसशील त्या दिवशी तो खालीच थांबेल. शिवाय त्या दाराला कुलूप असते आणि किल्ली पहारेकऱ्याकडे असते, हे तू पत्राच्या शेवटी सहज लिहून गेली आहेस. माझ्या मते ते पहिल्या ओळीत यायला हवे होते.

मी इतकी ठामपणे का बोलते आहे, हे तुला सांगणे भाग आहे. बावीस वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या रॅम्पबद्दल असेच पत्र मी दिले होते. मी स्वतः कुबड्या वापरते, त्यामुळे अपंगत्वातले मला सगळे कळते अशी माझी समजूत होती. खरे तर कठडा असलेल्या दोन-तीन पायऱ्या मला लांब उतारापेक्षा सोप्या जातात, म्हणजे त्या रॅम्पची परीक्षा घ्यायला मी सर्वांत अपात्र माणूस होते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या माझ्या मैत्रिणीला तो दिवस सोयीचा नव्हता. मी तिला म्हटले, 'तू कशाला येतेस, मी पाहून येते.' मी गेले, कठड्याला धरून चढले, उतरले आणि सही केली.

महिन्याने ती आली. उतार संपतो तिथेच दार होते, मध्ये सपाट जागा हातभरसुद्धा नव्हती आणि दार बाहेरच्या बाजूला उघडत होते. दार ओढायचे तर एक हात चाकावरून काढावा लागे, आणि हात काढला की खुर्ची मागे घसरू लागे. तिने तीनदा प्रयत्न केला. मी बाजूला उभी होते, पण दोन्ही हात कुबड्यांवर असल्यामुळे मला काही करता आले नाही. शेवटी दोन कर्मचाऱ्यांनी तिला खुर्चीसकट उचलून आत नेले. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, 'उचलूनच न्यायचे होते, तर पायऱ्या काय वाईट होत्या?' त्यानंतर ती त्या वाचनालयात कधी गेली नाही. पुढे आम्ही जितक्या तक्रारी केल्या, तितक्या वेळा माझ्या सहीचा कागद आमच्यासमोर ठेवण्यात आला. तो कागद अकरा वर्षे त्यांच्या कामी आला.

म्हणून पुन्हा सांगते, अर्धी वाट ही वाट नव्हे. वाट बसमधून उतरतो तिथे सुरू होते. पदपथ, फाटक, दार, खिडकीची उंची, खुर्ची वळू शकेल असे स्वच्छतागृह हे सगळे तिच्यात येते, आणि माणूस काम उरकून स्वतःच्या बळावर परत बसथांब्याशी येतो तेव्हाच ती पूर्ण होते. मधला एक दुवा तुटला की बाकीच्या दुव्यांवरचा खर्च वाया जातो. १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्यातले नववे कलम इमारती, रस्ते आणि वाहतुकीसोबत माहिती आणि संपर्काची साधनेही सुगम्य असावीत असे सांगते, आणि चौथे कलम अपंगांसंबंधीचे निर्णय त्यांच्याशी सल्लामसलत करून घेण्याचे बंधन सरकारांवर घालते. तुझ्या कार्यालयाने रॅम्प बांधून झाल्यावर तुम्हाला बोलावले. याला सल्लामसलत म्हणत नाहीत.

'एवढे ताणून धरल्यावर जे मिळते तेही जाईल,' असे तुझ्या गटातले ज्येष्ठ म्हणतात. त्यांना १९७७ ची हकिकत सांग. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगांबाबत भेदभाव करण्यास मनाई करणारे कलम ५०४ अमेरिकेत १९७३ साली कायद्यात आले, पण ते अमलात आणणारे नियम चार वर्षे सहीविना पडून राहिले आणि मग ते सौम्य करण्याच्या हालचाली सुरू झाल्या. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ज्युडी ह्यूमन आणि त्यांच्या शंभराहून अधिक साथीदारांनी ठाण मांडले आणि ते तीन आठवड्यांहून जास्त काळ तिथून हलले नाहीत. त्यांत अशी माणसे होती, ज्यांना रात्री कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागत असे. फोन तोडले गेले तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीत उभे राहून सांकेतिक भाषेत बाहेर निरोप देत होते. मागणी एकच होती की नियम आहेत तसे, एक शब्द न बदलता मंजूर करा. २८ एप्रिलला ते तसेच मंजूर झाले. त्यांनी थोडे कमी चालवून घेतले असते, तर त्या थोड्यासाठी पुढच्या पिढीला पुन्हा तिथेच बसावे लागले असते.

आता भावाविषयी लिहिते, आणि इथे मला तुझा थोडा राग आला आहे. त्याचे मत मोलाचे आहे, पण ते त्या इमारतीत येणाऱ्या प्रत्येकाचे मत होत नाही. तू अंध व्यक्तीला तिथे नेलेस का? ऐकू न येणाऱ्या कोणाला विचारलेस का? पदपथाच्या कडा उतरत्या केल्या की खुर्चीची सोय होते, पण पांढऱ्या काठीला पदपथ संपून रस्ता कुठे सुरू झाला हे कळेनासे होते. एकाची सोय दुसऱ्याचा धोका होऊ शकते. अंध व्यक्तींना पायाने आणि काठीने वाट कळावी म्हणून जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली उठावाच्या फरशा तयार केल्या आणि १९६७ मध्ये त्या ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. लांबट उठाव म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे सावध हो. जिथे उतार केला तिथे ठिपक्यांची फरशी हवी, हे दोघांना एकत्र बसवल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही. कार्यालयाने सूचना मागवणारे पत्रक छायाचित्र म्हणून प्रसिद्ध केले, हेही तुझ्या नजरेतून सुटले आहे. त्यातले एक अक्षरही स्क्रीन रीडरला, म्हणजे अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, वाचता येत नाही. ज्यांच्या सूचना हव्या होत्या, त्यांच्यापर्यंत ते पोचलेच नाही.

माझ्या हट्टाविषयी तू ऐकले असशीलच. एका आरोग्य केंद्राने पहिल्या मजल्यापर्यंतच लिफ्ट देऊ केली तेव्हा मी गटाला नाही म्हणायला लावले आणि काम तीन वर्षे रखडले. त्या तीन वर्षांत आमच्याच गटातल्या एका गृहस्थांना उपचारांसाठी त्यांचे मुलगे पाठीवर घेऊन जिना चढत होते. त्यांच्या पत्नीने भर बैठकीत मला विचारले, 'हे ओझे तुम्ही कधी उचलले आहे का?' माझ्याकडे उत्तर नव्हते. पण अखेर लिफ्ट सगळ्या मजल्यांना झाली. पहिल्या मजल्यावर समाधान मानले असते, तर तपासणीचे विभाग असलेला दुसरा मजला आजही बंदच राहिला असता, असे मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते. मी चुकले ते एवढ्याच ठिकाणी, की सोय वापरणे आणि तिला संमती देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा सुचले नाही. लिफ्ट पहिल्या मजल्यापर्यंत वापरायला घेऊन दुसऱ्यासाठी भांडता आले असते. ते गृहस्थ आता नाहीत.

तेव्हा भावाला उद्यापासून मागच्या दाराने खुशाल जाऊ दे. तो थांबला पाहिजे असे मी म्हणणार नाही. ती चूक एकदा करून झाली. समाधानाचे पत्र मात्र देऊ नकोस. त्याऐवजी लिही की ही सोय आम्ही तात्पुरती म्हणून, अमुक तारखेपासून, मदतनीस सोबत असतानाच वापरू शकत आहोत. मुख्य दाराशी योग्य उताराचा, वरच्या टोकाला किमान दीड मीटर सपाट जागा असलेला रॅम्प व्हावा ही मागणी कायम आहे. आणि तोवर मागच्या दाराचे कुलूप कामाच्या वेळेत काढलेले असावे. सोबत मापांचा तक्ता जोड आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.

येत्या पाहणीला भाऊ, पांढरी काठी वापरणारी एखादी व्यक्ती आणि मोजण्याची टेप, असे तिन्ही सोबत असू दे. भावाला ढकलू नकोस, तो कुठे अडतो ते पाहा आणि तिथले माप लिहून घे. कागद माझ्याकडे आला की त्याच रात्री मसुदा करून पाठवते.

तुझी,
मावशी