दूरच्या वेब सर्व्हरची मेल रिले कशी करावी?

प्रश्न : आमची वेबसाइट दुसऱ्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर आहे, मेल सर्व्हर आमच्याकडे. दोन्हीकडे पोस्टफिक्स (मेल पोचवणारे सॉफ्टवेअर) आहे. वेबसाइटवरच्या फॉर्मची मेल आमच्या डोमेनच्या पत्त्यांवर येते, पण ग्राहकाला जाणारी पोच '५५४ रिले ॲक्सेस डिनाइड' (रिले, म्हणजे मेल पुढे पाठवायला नकार) म्हणून अडते. वेब सर्व्हरचा आयपी 'मायनेटवर्क्स'मध्ये (विश्वासाच्या आयपींच्या यादीत) घालावा का?

उत्तर : घातलात तर मेल सुटेल, पण तसे करू नका. मेल सर्व्हर स्वतःच्या डोमेनची मेल कोणाकडूनही घेतो. बाहेरच्या पत्त्यावर पाठवायची असली तर मात्र पाठवणारा ओळखीचा लागतो. 'मायनेटवर्क्स'मध्ये ही ओळख नुसत्या आयपीवर ठरते. सर्व्हर सोडलात की तोच आयपी दुसऱ्या कोणाला मिळतो, आणि यादीतून तो काढायचे सहसा राहूनच जाते.

त्याऐवजी वेबसाइटसाठी मेल सर्व्हरवर वेगळे खाते उघडा. पोस्टफिक्सच्या सेवांची यादी असलेल्या मास्टर फाइलमधली 'सबमिशन' सेवा (लॉगिन करून मेल पाठवण्याची) बहुधा कमेंट केलेली, म्हणजे बंद असते. ती सुरू करून फायरवॉलमध्ये पोर्ट ५८७ उघडा. सबमिशनवर टीएलएस (जोडणीचे एन्क्रिप्शन) आणि लॉगिन सक्तीचे ठेवा. 'सेंडर लॉगिन मॅप्स'मध्ये (कोणते खाते कोणत्या पत्त्यावरून पाठवू शकते ती यादी) हे खाते एकाच पत्त्याशी बांधा आणि 'रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच' लावा. मग वेबसाइट हॅक झाली तरी त्या खात्यातून लिफाफ्यावर (सर्व्हरला सांगितल्या जाणाऱ्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यात) दुसऱ्याचा पत्ता घालून मेल जाणार नाही आणि एक खाते बंद केले की गळती थांबेल.

वेब सर्व्हरवर 'रिलेहोस्ट'मध्ये (मेल ज्याच्याकडे सोपवायची त्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये) मेल सर्व्हरचे नाव चौकटी कंसात लिहून पुढे कोलन (:) व ५८७ लिहा. कंस नसेल तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स (डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरने घ्यायची ती डीएनएसमधली नोंद) शोधत बसतो. पासवर्डच्या फाइलमध्ये हेच नाव कंस आणि पोर्टसकट जसेच्या तसे हवे. एवढ्याशा फरकाने लॉगिनच होत नाही. फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करा, तिच्यावर 'पोस्टमॅप' (फाइल पोस्टफिक्सला वाचता येईल अशी बनवणारी आज्ञा) चालवा, 'एसएमटीपी सास्ल ऑथ एनेबल' (सास्ल म्हणजे लॉगिनची पद्धत) सुरू करा आणि टीएलएसची पातळी 'एन्क्रिप्ट' ठेवा. 'आयनेट इंटरफेसेस'ला 'लूपबॅक ओन्ली' (फक्त त्याच यंत्रावरून मेल घेणे) द्या, कारण या सर्व्हरला बाहेरून मेल घ्यायचीच नाही. लॉगमध्ये 'नो मेकॅनिझम ॲव्हेलेबल' दिसले तर पासवर्ड तपासत बसू नका. बहुधा सास्लचे मॉड्यूल असलेले पॅकेज बसवायचे राहिले आहे.

आता '५५३ सेंडर ॲड्रेस रिजेक्टेड' आले, तर पीएचपी लिफाफ्यावर वेब सर्व्हरच्या युजरचे नाव लिहीत आहे. 'सेंडमेल'ला उणे एफ (-f) देऊन ठरलेला पत्ता द्या. एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणता आयपी मेल पाठवू शकतो ती डीएनएसमधली नोंद) तपासणीही याच लिफाफ्यावरच्या पत्त्याच्या डोमेनची होते. त्या नोंदीत मेल सर्व्हरचा आयपी हवा, वेब सर्व्हरचा नको.

प्रश्न (दुसऱ्या एका वाचकाचा) : एवढे करूनही आमच्याच डोमेनची मेल 'युजर अननोन' म्हणून परत येते. असे का?

उत्तर : वेब सर्व्हरच्या 'मायडेस्टिनेशन'मध्ये (ज्या डोमेनची मेल तो स्वतःकडे ठेवतो त्या यादीत) तुमचे डोमेन राहिले आहे, म्हणून तो त्या मेलसाठी स्वतःकडेच पेटी शोधतो आणि 'रिलेहोस्ट'कडे जातच नाही. तिथे फक्त 'लोकलहोस्ट' ठेवा, पोस्टफिक्स रीलोड करा, आणि रांगेत काही अडकले असेल तर 'पोस्टक्यू'ला उणे एफ (-f) देऊन ती रेटा. आधी परत आलेली मेल मात्र पुन्हा पाठवावी लागेल.