वाचकांचे प्रश्न : तबकडीवरची खडूची रेघ

प्रश्न : संगणक नसताना न्यूयॉर्कचे डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश गाण्यातला ढोलाचा दहा सेकंदांचा तुकडा मिनिटंच्या मिनिटं अखंड वाजवायचे. कसं जमायचं? आणि स्क्रॅचिंग (वाजती तबकडी हाताने पुढेमागे घासून काढलेला आवाज) हेही त्यांचंच का?

उत्तर : डीजे म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत, हे आधी डोक्यातून काढा. इथे एकाच गाण्याच्या दोन तबकड्या, त्या फिरवणारी दोन टर्नटेबल आणि मधे दोन्हींचा आवाज मिसळणारा मिक्सर. एकीवर तुकडा वाजतोय तोवर दुसरी उलटी फिरवून तुकड्याच्या तोंडाशी आणायची. न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क हे आधीपासून करत, पण सुई अंदाजाने टेकवून. मग ठेका तुटायचा. जोसेफ सॅडलर ऊर्फ फ्लॅश (जन्म १९५८, बार्बाडोस) शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले. त्यांनी सुई उचलणंच बंद केलं.

तुकडा सुरू होतो तिथे तबकडीवर मेणाच्या खडूने रेघ. ती घड्याळाच्या काट्यासारखी वाचायची. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. मिनिटाला १०० मात्रांची लय धरली तर एका फेऱ्यात बरोब्बर तीन मात्रा. सोळा मात्रांचा तुकडा (आपल्या त्रितालाचं एक आवर्तन) ५⅓ फेऱ्यांत संपतो. बाराला सुरू झालेली रेघ चारवर येते. तेवढेच फेरे मागे घ्यायचे, रेघ पुन्हा बारावर. फेरा मोजायला चुकलात तर तीन मात्रांनी घसरलात.

खरी अडचण तबकडीखालच्या रबरी मॅटची. ती तबकडीला धरून ठेवते, त्यामुळे हाताने मागे ओढताना मोटरही अडते आणि सोडल्यावर वेग यायला वेळ लागतो. फ्लॅशनी तिच्या जागी फेल्टची (दाबून केलेल्या लोकरी कापडाची) चकती घातली. नुसतं फेल्ट लुळं पडतं, चुरगळतं. म्हणून त्याला खळ फवारून कडक इस्त्री केली. आई शिवणकाम करणारी, कापडाची जाण घरातलीच. आता तबकडी बोटाखाली थांबते आणि खाली मोटर पूर्ण वेगात फिरत राहते. पुढचा तुकडा लोकांआधी स्वतःला ऐकू यावा म्हणून मिक्सरला एक बटण जोडलं : इकडे केलं की हेडफोनमध्ये डावी तबकडी, तिकडे केलं की उजवी.

स्क्रॅचिंगचं श्रेय मात्र त्यांच्या तालमीतल्या ग्रँड विझर्ड थिओडोरला. फ्लॅशनी ते घासूनपुसून लोकांपुढे आणलं.

प्रश्न : ‘द मेसेज’ या रॅप गाण्यात फ्लॅशचे हात कुठे ऐकू येतात?

उत्तर : कुठेच नाहीत. १९८२च्या त्या रेकॉर्डवर नाव त्यांचं आणि त्यांच्या ‘द फ्युरिअस फाइव्ह’ या रॅपर-चमूचं आहे, आवाज मुख्यतः मेली मेल आणि ड्यूक बूटी या रॅपरांचे. हात ऐकायचे तर १९८१ची ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील’ लावा. सुमारे सात मिनिटं, तीन टर्नटेबल. शीक, क्वीन, ब्लाँडी या बँडच्या तबकड्या एकमेकींत गुंफलेल्या. फीत कापून जोडलेली नाही. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.