'दरोडा' नव्हे, 'प्रकरण'

प्रश्न: एका नव्या चित्रपटाच्या जाहिरातीत 'प्रेम, गाणी आणि दरोड्याची धमाल' असं लिहिलंय. कथेत नायक, नायिका आणि एक मित्र मिळून खऱ्या हाराच्या जागी खोटा हार ठेवतात. याला दरोडा म्हणावं का? आणि अशा चित्रपटांना मराठीत एखादा शब्द आहे का?

उत्तर: दरोडा अजिबात नाही! दरोड्याला किमान पाच माणसं लागतात आणि मारहाण किंवा निदान धाक तरी लागतो. भारतीय दंड संहितेच्या कलम 391 मध्ये पाचाची अट होती, 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 310 मध्येही ती आहे. माणसं कमी पण धाक असला तर जबरी चोरी, धाकही नसला तर नुसती चोरी. तिघांनी गुपचूप हार लांबवला, डल्ला मारला, हातचलाखी केली. एवढे चपखल शब्द हाताशी असताना परीक्षणांतही सरसकट 'दरोडा' वाचावा लागतो, याचा संताप येतो.

शब्द मात्र आहे, आणि तो रोज आपल्या तोंडी असतो: प्रकरण. पुस्तकातलं प्रकरण सोडून देऊ. 'त्या दोघांचं प्रकरण आहे' म्हणजे प्रेम. 'दागिन्यांचं प्रकरण पोलिसांत गेलं' म्हणजे गुन्हा. 'प्रकरण अंगाशी आलं' एवढंच कानावर पडलं, तर प्रेमाचं की चोरीचं हे विचारावं लागतं.

आता खरी गंमत. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या दहा रूपकांपैकी, म्हणजे नाट्यप्रकारांपैकी, एकाचं नावच 'प्रकरण' आहे. त्यांतल्याच 'नाटक' या प्रकाराचं कथानक प्रसिद्ध आणि नायक राजा. प्रकरणाचं कथानक कवीच्या मनातलं, नायक ब्राह्मण, अमात्य किंवा व्यापारी, आणि नायिका गणिकाही चालते. धनंजयाने 'दशरूपक' या नाट्यलक्षणांच्या ग्रंथात त्याच्या संकीर्ण, म्हणजे मिश्र, प्रकाराची खूण सांगितली ती 'धूर्तसंकुल', म्हणजे लबाडांनी गजबजलेलं. प्रेम आणि लबाडी एकाच चौकटीत! कोशकार आपल्या 'प्रकरणा'ची वाट 'विषय, बाब, खटला, लफडं' अशी लावतात. ती वाट बरोबरच आहे. प्रेम आणि गुन्हा हे दोन्ही अर्थ 'बाब' या मोकळ्या अर्थातून येऊ शकतात; रंगभूमीवरच्या प्रकरणाशी त्यांची गाठ पडते, ती गंमत म्हणूनच घ्यावी. अशा चित्रपटांना 'प्रहसन' म्हणा, असं सुचवणाऱ्यांनी लक्षणं वाचलेली दिसत नाहीत. प्रहसन ढोंग्यांची टर उडवतं, त्याला प्रेमकथा लागतच नाही.

शूद्रकाचं मृच्छकटिक हे प्रकरणच, त्याला नाटक म्हणणं ढोबळ झालं. तिसऱ्या अंकात नायक चारुदत्त रेभिल या गायकाच्या गाण्याची तारीफ करत घरी येऊन झोपतो आणि त्याच रात्री शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर त्याची भिंत फोडतो. कशासाठी? आपल्या प्रेयसीला, मदनिकेला, दास्यातून सोडवायला पैसे हवेत म्हणून. आणि फोडतो तेही शास्त्रशुद्ध: पक्क्या विटा ओढून काढायच्या, कच्च्या कापायच्या, मातीची भिंत भिजवायची, लाकडाची चिरायची. भोकाचे सात आकार त्याला पाठ आहेत, कमळ, सूर्य, चंद्रकोर वगैरे. इथे विटा पक्क्या, म्हणून तो पूर्णकुंभ, म्हणजे भरल्या घड्याचा आकार, निवडतो. मापाची दोरी विसरल्यामुळे जानव्यानेच माप घेतो, बोटाला साप चावल्यावर तेच जानवं आवळून बांधतो. आत मृदंग, वीणा, बासऱ्या पाहून त्याला घर नाट्याचार्याचं वाटतं. शेवटी झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय स्वतःच दागिने त्याच्या हाती देतो. दागिने असतात नायिकेचे, चारुदत्तावर प्रेम करणाऱ्या गणिका वसंतसेनेचे, आणि मदनिका तिचीच दासी! देवलांनी हे मराठीत 'संगीत मृच्छकटिक' करून आणलं. आपल्या रंगभूमीवर नावाआधी 'संगीत' लावायची पद्धत होतीच, तेव्हा गाण्यांच्या चित्रपटासाठी 'संगीत प्रकरण' हा जोडशब्द आयता तयार आहे.

शर्विलक त्या भोकाला 'संधि' म्हणतो. हिंदीतलं 'सेंध' त्यातूनच आलं. आपली 'सांद' आणि 'सांदीकोपरा'तली 'सांदी' हीसुद्धा याच 'संधि'ची लेकरं. दोन गोष्टी जिथे जुळतात तो सांधा, आणि त्याच सांध्यातली फट म्हणजे सांद. चोर शिरतो तो तिथूनच.