मातीतले जंतू आणि मुलीची पीएच.डी.

प्रश्न : मी आटपाडीचा डाळिंब बागायतदार. मुलगी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मातीतल्या जंतूंपासून औषधं आणि एन्झाइम, यावर पीएच.डी. करायची म्हणते. आम्ही म्हणतो, बी.एड. कर आणि नोकरीला लाग. या वाटेला किती वर्षं जातात? हातात काय पडतं?
– एक पालक

नमस्कार,

वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर बागेतून जो वास येतो, तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जंतूंमुळे. ते जिओस्मिन नावाचा पदार्थ बनवतात, आणि तो बनवायचं हत्यार म्हणजे त्यांच्यातलं एक एन्झाइम. जंतू काय बनवतो आणि कशाने बनवतो, एवढाच तुमच्या मुलीचा विषय. डाळिंबाच्या तेल्या रोगावर स्ट्रेप्टोसायक्लिन हे औषध तुम्ही कधी ना कधी फवारलं असेलच. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक याच जंतूंचं.

आता वर्षं. नेट-जेआरएफ ही संशोधन फेलोशिपची परीक्षा निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये फेलोशिप, वर घरभाडं. म्हणजे घरातून पैसे घालावे लागत नाहीत. फक्त ते दर एक तारखेला येतीलच या भरवशावर राहू नका. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा, त्यानंतर पोस्ट-डॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम. कायमची प्राध्यापकी बहुतेकांना पस्तिशीच्या आसपास मिळते, सगळ्यांना मिळत नाही. लग्नाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारायचं तेच होतं असं वाटलं. त्याचं गणित तिला मांडू द्या.

हातात काय पडतं, याचं उत्तर विषयाच्या दोन बाजूंना वेगवेगळं आहे. नवं औषध शोधणं ही लॉटरी. वर्षभर माती गाळून, जंतू वाढवून, अर्क काढून शेवटी कळतं की हा पदार्थ सत्तर वर्षांपूर्वीच कुणीतरी शोधलाय. लागतेही कधी कधी: पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार यांच्या गटाला हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध मिळालं, ते देणाऱ्या जंतूचं नावच ‘पिंपरिना’. पण त्या भरवशावर घर चालत नाही. एन्झाइमचं काम मात्र कसब आहे. आपण गिळतो ती अमॉक्सिसिलिनची गोळी घ्या. बुरशीने बनवलेलं पेनिसिलिन एका एन्झाइमने कापायचं आणि उरलेल्या गाभ्याला नवी शेपटी जोडायची. पूर्वी हे कापणं उणे चाळीस अंशांवर, जहाल रसायनांत व्हायचं. एन्झाइम तेच कोमट पाण्यात करतं. असं एन्झाइम शुद्ध करणं, टिकवणं, त्याचा वेग मोजणं ज्याला येतं, त्याला डिटर्जंटपासून फळांच्या रसापर्यंत आणि औषध कंपन्यांत काम असतं. म्हणून तिला माझा सल्ला : स्वप्न औषधाचं ठेव, पण हात एन्झाइमवर बसव.

संस्थेच्या नावापेक्षा गाईड बघा. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करून शोधलं ते अल्बर्ट शाट्झ या संशोधक विद्यार्थ्याने. १९५२चं नोबेल मिळालं एकट्या गाईडला, सेल्मन वॅक्समन यांना. मध्ये कोर्टकचेरीही झाली. तेव्हा अर्ज करण्याआधी मुलीने त्या लॅबमधल्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठावं आणि दोनच गोष्टी विचाराव्यात : किती वर्षांत सुटलात, आणि पेपरवर पहिलं नाव कुणाचं होतं? पुण्यात एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत जंतूंचा मोठा संग्रह आहे; तिथे सहा महिन्यांचं प्रोजेक्ट मिळालं तर आधी ते करावं.

आणि एक काम या आठवड्यातलं. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जंतूचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकांचा आराखडा, २००२पासून सगळ्यांना खुला आहे. तो अँटीस्मॅश या जनुकांचे गट शोधणाऱ्या फुकट प्रोग्रॅममध्ये घालून बघायला मुलीला सांगा. जिओस्मिन, अँटिबायोटिक असे पदार्थ बनवणारे वीसहून जास्त जनुकांचे गट त्यात दिसतील. ते बघत ती रात्री दोनपर्यंत जागली, तर बी.एड.चा फॉर्म थोडा थांबू द्या. अर्ध्या तासात कंटाळली, तर तेही कळलं.

पुढचं पत्र मात्र तिने लिहावं. प्रॅक्टिकलला एन्झाइमची ॲक्टिव्हिटी शून्य आली होती तेव्हा तिने काय केलं, तेवढं त्यात असू दे.