शुक्रवार, चार वाजता

“मलाच माहीत नाही पुढे काय होणार, तर मी लोकांना काय सांगू?”

एचआरमधली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन. या बाई आल्या 2025 च्या सप्टेंबरात, ऐन पितृपक्षात. रत्नागिरीजवळच्या एका कोळंबी प्रक्रिया कारखान्यात त्या एचआर मॅनेजर. (त्यांच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

त्या वर्षी गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि नेमक्या त्याच दिवसापासून अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. कोळंबी त्यात आलीच. जून-जुलैची मासेमारी बंदी संपून बोटी नुकत्या कुठे बाहेर पडत होत्या. सणाला घरी निघालेल्या बायकांना बाईंनी गेटवर सांगितलं होतं, “निवांत जा, काही होत नाही.” गौरी-गणपती पोचवून बायका परत आल्या, तर रात्रपाळी बंद झालेली.

तेव्हापासून बाई सोलणीच्या हॉलमधून जाणं टाळायला लागल्या. कोल्ड स्टोरेजच्या मागच्या दाराने केबिनमध्ये जायचं, डबा गाडीत बसून खायचा. “मी आत शिरले की टेबलांवरची बडबड थांबते. नुसता नळांचा आवाज येतो,” असं सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

पहिल्या भेटीत मी माती खाल्ली. झोप लागत नाही म्हणाल्या म्हणून श्वासाचे व्यायाम दिले. आठवड्याने येऊन म्हणाल्या, “सर, श्वास मस्त घेते. कोळंबीचं काय?”

मग त्यांना एक प्रयोग सांगितला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला, 2016 साली प्रसिद्ध झालेला. 45 जण संगणकावर दगड उलटत होते. खाली साप निघाला की हाताला विजेचा झटका. सगळ्यात जास्त ताण कधी आला? झटका बसणार की नाही, हे अगदी निम्मं-निम्मं असताना. बसणारच हे पक्कं ठाऊक असलेली माणसं त्यापेक्षा कमी ताणात होती.

बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी ‘काही होत नाही’ म्हणते तेव्हा...” वाक्य त्यांनी सोडून दिलं.

पर्समध्ये एक जुना हजेरीचा कागद होता. त्याच्या पाठीवर त्यांना ठाऊक असलेलं सगळं लिहायला लावलं. ‘मला काही माहीत नाही’ म्हणणाऱ्या बाईंनी पान भरलं! हातातल्या ऑर्डरी कधीपर्यंतच्या आहेत. कुठल्या पाळीला हात लागणार नाही. ले-ऑफ द्यावा लागलाच, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवावं लागलंच, तर वर्षभर मस्टरवर असलेल्यांना तेव्हाच्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होतं त्याच्या निम्मं मिळेल. आणि ठेकेदाराकडून किलोवर सोलणाऱ्या बायकांच्या हाती त्यातलं काही पडणार नाही. ही शेवटची ओळ लिहिताना पेन अडलं. खरी टोचणी तिथे होती, पुढच्या अनिश्चिततेत नव्हतीच.

मालकांचं म्हणणं होतं, “सध्या तोंड उघडू नका.” अशा वेळी एचआरवाले एक तर गप्प बसतात, नाही तर मालकाशी भांडतात. बाईंनी तिसरंच केलं. ‘लोकांशी बोलू का?’ असं विचारलंच नाही. तो कागद पुढे ठेवला आणि म्हणाल्या, “यातलं काय सांगायचं नाही, तेवढं खोडा.” मालकांनी एकच ओळ खोडली, नव्या गिऱ्हाइकाशी चाललेल्या बोलण्याची. मला तरी ते रास्तच वाटलं.

दर शुक्रवारी चार वाजता, पाळी बदलताना, हॉलमध्ये उभं राहून बोलायचं असं ठरलं. व्हॉट्सॲपवर नाही. कालपर्यंतचं पक्कं काय, अजून ठरलेलं नाही ते काय, पुन्हा कधी सांगणार. पहिल्या शुक्रवारी सुरुवात मात्र माफीने झाली: “गणपतीत मी म्हटलं काही होणार नाही. ते मला माहीत नव्हतं, तरी बोलले.” मागून एक म्हातारी म्हणाली, “आता खरा काय ता सांगा.” किलोवरच्या बायकांना त्यांनी स्पष्ट सांगितलं, दुसरीकडे काम मिळत असेल तर धरा, इथे तेजी आली की आधी तुम्हालाच बोलावीन. काही जणी काजूच्या कारखान्यात गेल्या. बाईंना ते लागलं. त्याला माझ्याकडे तोड नव्हती, ऐकून घेतलं.

दुसऱ्या गुरुवारी रात्री त्यांचा फोन आला. “उद्या सांगायला नवीन काहीच नाही. रद्द करू?”

“जा आणि तेच सांगा.”

गेल्या. दोन मिनिटांत आटोपलं, कुणी काही विचारलं नाही. मला वाटलं, फुकट गेलं.

तिसऱ्या शुक्रवारी त्या मालकांच्या केबिनमध्ये अडकल्या होत्या. चार वाजून दहा मिनिटांनी हॉलमधून इंटरकॉम वाजला. “मॅडम, आज शुक्रवार हाय ना?”

त्या पुढच्या दाराने गेल्या.