हृदयपेशीतल्या प्रथिनावर पीएचडी : प्रथिन नंतर, पेशी आधी ठरव

तू बडोद्यात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री केलंस, आता पीएचडीचा सिनॉप्सिस लिहायचाय, विषय ‘हृदयाच्या स्नायुपेशींतील प्रथिनाचे कार्य’ इतकाच ठरलाय. गाइड म्हणतात एच९सी२ पेशींवर सुरुवात कर, आणि तू विचारते आहेस की प्रथिन कोणतं घेऊ. शिवाय घरून बाबा विचारतात, आपल्या लोकांना याचा उपयोग काय. मी वयानं बरीच मोठी आहे आणि माझंही लहानपण बडोद्याच्या दांडिया बाजारातच गेलं, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते.

माझं मत असं की प्रथिनाचं नाव तूर्त बाजूला ठेव. कोणत्या पेशीत काम करणार, हे आधी ठरव. कारण पेशी ठरली की तुला कोणते प्रश्न विचारता येतील हेही ठरून जातं, आणि सिनॉप्सिस लिहिताना नेमकं हेच कुणी सांगत नाही.

एच९सी२ ही रॅटच्या भ्रूणाच्या हृदयापासून तयार केलेली पेशीमालिका. ती विभाजित होत राहते, गोठवून ठेवता येते, स्वस्त पडते, म्हणून आपल्याकडे बहुतेक लॅबमध्ये असतेच. ऑक्सिडेटिव्ह ताण, पेशीमृत्यू, मायटोकाँड्रिया, एखादा सिग्नल कुठून कुठे जातो, अशा प्रश्नांना ती चालते. पण ती धडधडत नाही. तिच्यात नीट रचलेले सार्कोमिअर नसतात. सार्कोमिअर म्हणजे अ‍ॅक्टिन आणि मायोसिनच्या तंतूंचा जेमतेम २ मायक्रोमीटर लांबीचा आखीव गाळा, आणि हृदयाचं आकुंचन तिथेच घडतं. म्हणजे सार्कोमिअरमधलं ट्रोपोनिन, टायटिन किंवा मायोसिनशी बांधलेलं एखादं प्रथिन घेऊन ‘आकुंचनातलं कार्य’ असं शीर्षक दिलंस आणि सगळं काम एच९सी२वर केलंस, तर व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पहिलाच प्रश्न येईल की इथे आकुंचन होतं कुठे? त्याला उत्तर नाही. जीवनसत्त्व-अ पासून बनणारं रेटिनॉइक अ‍ॅसिड देऊन या पेशी हृदयपेशींकडे थोड्या झुकवता येतात, पण त्यानं ही उणीव भरून निघत नाही.

प्रौढ रॅटच्या हृदयातून ताज्या पेशी काढणं हे वेगळंच काम आहे, आणि संधी मिळाली तर जरूर शीक. प्राण्याला भूल आणि रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिल्यावर हृदय काढून महाधमनी कॅन्युलावर, म्हणजे बारीक नळीवर, बांधतात. द्रव महाधमनीतून उलटा सोडला की झडप मिटते आणि द्रव हृदयाच्याच स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांत शिरतो. ऑस्कर लांगेनडॉर्फनं १८९५ मध्ये दाखवलेली हीच पद्धत अजून चालते. आधी कॅल्शियमविरहित द्रव सोडतात, हृदय थांबतं. मग कोलॅजिनेज, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारं कोलॅजन तोडणारं विकर. हृदय हळूहळू फिकट आणि लिबलिबीत होतं. ते नेमकं कधी उतरवायचं हे घड्याळापेक्षा बोटांना जास्त कळतं. मग निलये, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, कापून, पेशी पिपेटनं हलक्या हातानं सुटी करून गाळायची आणि कॅल्शियम पायरीपायरीनं परत द्यायचं. एकदम दिलंस तर पेशी मरतात, याला कॅल्शियम पॅराडॉक्स म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी लांबट, चौकोनी टोकांची, अंगावर स्वच्छ आडव्या पट्ट्या असलेली दिसते. मेलेली आखडून गोळा झालेली असते. जिवंत पेशीला विजेचा हलका झटका दे, ती आखडते आणि सुटते. किती आखडली, किती वेगानं सुटली, हे मोजता येतं. प्रथिनाचं कार्य म्हणतात ते असं आकड्यांत हाती येतं.

अडचणीही आहेत. प्रौढ पेशी विभाजित होत नाहीत, डिशमध्ये काही दिवसांत आकार सोडतात, आणि जनुक पेशीत नेणाऱ्या नेहमीच्या लिपिड रसायनांनी त्यांच्यात जनुक नीट शिरत नाही. त्यासाठी अ‍ॅडिनोव्हायरस हा जनुक वाहून नेणारा विषाणू लागतो. नवजात रॅटच्या पेशी यात मधला मार्ग आहेत. त्या धडधडतात, सार्कोमिअर असतात, जनुक घालता येतं. अजून एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. रॅट आणि उंदराच्या निलयात मुख्यतः अल्फा मायोसिन असतं, माणसाच्या निलयात बीटा. उंदराचं हृदय मिनिटाला सहाशेच्या आसपास वेळा धडधडतं. त्यामुळे मायोसिनच्या वेगाशी संबंधित काहीही उंदरावरून थेट माणसावर लावू नकोस. माणसाच्या आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशी मागे वळवून केलेल्या मूळपेशी) बनवलेल्या हृदयपेशी हा पर्याय आहे, पण त्या भ्रूणावस्थेतल्यासारख्या अपक्व राहतात आणि खर्च मोठा.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. कार्डिअ‍ॅक मायोसिन बाइंडिंग प्रोटीन-सी हे प्रथिन मायोसिनच्या तंतूवर बसून त्याला लगाम घालतं; अ‍ॅड्रेनालिनचा इशारा आला की त्याच्यावर फॉस्फेट चढतो आणि लगाम सैल होतो. त्याच्या जनुकातला डीएनएच्या २५ अक्षरांचा एक तुकडा भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत गळालेला असतो. २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यानं प्रथिनाचं शेपूट बदलतं, आणि हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो असं त्यात दिसलं. नंतर चित्र गुंतागुंतीचं झालं: हा तुकडा नसलेल्या अनेकांचं हृदय व्यवस्थित असतं, आणि त्यांतल्या काहींच्या त्याच जनुकात आणखी एक बदल सोबत असतो. म्हणजे आपल्याच लोकांच्या पेशीत नक्की काय बिघडतं, हे काम अजून संपलेलं नाही. आणि उपयोग विचारशील, तर मायोसिनलाच आवर घालणारं मॅव्हाकॅम्टेन हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, हृदयाची भिंत जाड होऊन रक्ताची वाट अडवणाऱ्या आजारासाठी. प्रथिनाचं कार्य कळल्याशिवाय ते औषध सुचलंच नसतं.

प्रयोगाची आखणी करताना एवढं सांभाळ: प्रथिन काढलंस की फरक पडला, इतक्यावर थांबू नकोस. तेच प्रथिन परत घाल, सायआरएनए (प्रथिन बनू न देणारा छोटा आरएनए) ओळखणार नाही अशा रूपात, आणि बिघाड भरून येतो का बघ. मग बदललेलं रूप घाल. फॉस्फेट मोजायचा असेल तर ऊती लगेच द्रवनायट्रोजनमध्ये गोठव, नाहीतर पेशीतलीच फॉस्फेटेज नावाची विकरं तो काढून टाकतात. टायटिन घेणार असशील तर साध्या अ‍ॅक्रिलामाइड जेलवर वेळ घालवू नकोस. त्याचं वजन तीस लाख डाल्टनच्या वर आहे, त्याला अ‍ॅगरोज जेल लागतं.

बडोदं सोडावंच लागेल असं नाही. सयाजीगंजात सायन्स फॅकल्टी, जवळच मेडिकल कॉलेज आणि सयाजी हॉस्पिटल. रुग्णांच्या नमुन्यांचा विचार असेल तर ही जवळीक कामी येते, अर्थात एथिक्स कमिटीची परवानगी घेऊनच. कन्फोकल सूक्ष्मदर्शक किंवा आकुंचन मोजण्याचं यंत्र जवळ नसेल, किंवा आयपीएस पेशी हव्या असतील, तर मूळपेशींवर काम करणाऱ्या बंगळुरूच्या इन्स्टेमसारख्या ठिकाणी काही महिने जाण्याची सोय होईल का, हे गाइडना आत्ताच विचार. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनवृत्ती) मिळालं असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आहेत. पण यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएचडीची मुदत कमाल ६ वर्षं आहे आणि प्राण्यांवरच्या कामाच्या परवानगीत महिने जातात. म्हणून कोर्सवर्क चालू असतानाच प्राणी नैतिकता समितीचा अर्ज तयार ठेव. त्यात प्राण्यांची संख्या का लागते याचं गणित मागतात. ते गाइडवर न सोडता स्वतः कर, म्हणजे सिनॉप्सिसमधल्या किती प्रश्नांना खरंच प्रौढ पेशी लागतात आणि किती एच९सी२वर भागतील, हे आपोआप स्पष्ट होईल.