अमेरिकेत छोटे विमान भाड्याने घ्यायचे तर खासगी मालक बरा की फ्लाइट स्कूल?

परवाना नुकताच मिळाला असेल आणि अधूनमधून तास-दोन तास उडायचे असेल, तर मालकाचा दर कमी असला तरी विमान फ्लाइट स्कूलकडूनच घ्यावे. मुख्य कारण विम्याचे आहे: मालकाने वैयक्तिक वापरासाठी काढलेल्या पॉलिसीतून भाड्याचा वापर बहुधा वगळलेला असतो, त्यामुळे अपघात झाल्यास सारा भार तुमच्यावर येऊ शकतो. शिवाय स्वतःच्या विमानातून सशुल्क प्रशिक्षण देणाऱ्यांना एफएएच्या (अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था) नियम ९१.४०९ नुसार दर १०० उड्डाणतासांनी तपासणी करावी लागते, तर वैमानिकाशिवाय नुसत्या भाड्याने दिलेल्या विमानाला वार्षिक तपासणी पुरते (कमी दराचे एक कारण हेही असावे). मात्र मुक्कामी प्रवासासाठी अनेक फ्लाइट स्कूल दिवसागणिक किमान तासांचे पैसे आकारतात; तेथे मालक परवडतो, पण त्याच्या विमा कंपनीने भाड्याच्या वापरास आणि तुमच्या नावास लेखी मान्यता दिली असेल तरच.